कर्त्याच्या खालची नावं

मी तापट आहे, हे पेणमध्ये सगळ्यांना ठाऊक आहे. पण या प्रकरणात राग काढायला दुसरं कोणी सापडत नाही, म्हणून स्वतःवरच काढते.

१९९९ साली मी रोह्याहून रोज एसटीने पेणला यायचे. तिथे एका खोलीत आमचा वेब होस्टिंगचा धंदा होता. गणपतीच्या कारखान्यांच्या साइट आणि ईमेल आम्ही सांभाळायचो. मशीन, म्हणजे सर्व्हर, मुंबईत, भाड्याचं. गिऱ्हाइकं वाढली तशी माझी तारांबळ उडाली. कोणाचा पासवर्ड वहीत, कोणाचा डोक्यात. मग मी डिरेक्टरी बसवली, म्हणजे सगळ्या नावांची एकच यादी, आणि तिच्यावर एक टूल बांधलं. यादीत नाव घातलं की मुंबईत साइट आणि मेलबॉक्स आपोआप तयार. नाव काढलं की आपोआप साफ.

यादी लावली आपल्या रीतीने, रेशनकार्डासारखी. वर घरचा कर्ता, त्याच्याखाली बाकीचे. एकदा डिरेक्टरी अडून बसली. म्हणे, याच्याखाली माणसं आहेत, याला पुसता येणार नाही. ही कोण मला शिकवणारी? मी टूलला सांगून ठेवलं, आधी खालचे पूस, मग वरचा. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, ती मी.

आषाढात काळुरामकाका गेले, आमच्या यादीतल्या एका गणपती कारखान्याचे कर्ते. मूर्तीचे डोळे रंगवणारा तसा हात पेणमध्ये दुसरा नव्हता. त्यांची मुलगी ऋतुजा मस्कतला नर्स. सुट्टीच्या भानगडीत तिला बापाचं तोंड बघायला मिळालं नाही. फोनवर म्हणाली, "नम्रता, बाबांची पत्रं तेवढी जप गो. मी इथे हॉस्पिटलच्या कॉम्प्युटरवर वाचते, पण हायत ती तुझ्याच मशीनवर. माझ्याजवळ त्यांचं दुसरं काय नाय."

काका दर गुरुवारी येऊन सांगायचे, मी इंग्रजी अक्षरांत मराठी टाइप करून तिला पाठवायचे. मी म्हटलं, निर्धास्त राहा.

तेराव्यानंतर काकांचा मुलगा अमोल आला. डोकं भादरलेलं. "रेशनकार्डावरनं बाबांचं नाव कमी केलं. तुझ्याकडचं पण कर. गिऱ्हाइकं अजून त्यांनाच मेल टाकतात, आईला नाय बघवत."

मी नाव शोधलं, बटण दाबलं. मोडेमने मुंबईला फोन लावला. मग अमोलला कर्ता म्हणून वर घ्यायला गेले, तर खाली कोणीच नव्हतं. ना अमोल, ना ऋतुजा, ना कारखान्याची साइट.

मोडेमची तार उपटली, पण तोवर सगळं होऊन गेलं होतं. मुंबईच्या माणसाला विचारलं, मेलची दुसरी प्रत असेल ना? तो म्हणाला, "मॅडम, जागा पुरत नाही म्हणून तुम्हीच बंद करायला सांगितलंत."

साइट दोन दिवसांत पुन्हा उभी केली. पत्रांचं काय करणार? मनात घाण विचार आला. शब्द माझ्याच बोटांतून गेलेत, परत लिहून टाकू, तिला काय कळतंय? एक लिहिलंसुद्धा. वाचून बघितलं तर सगळं माझंच बोलणं, काका कुठे नाहीत. लाज वाटली. पुसून टाकलं.

ऋतुजाचा फोन आला तेव्हा खरं काय ते सांगितलं. "सगळीच गेली?" एवढंच तिने विचारलं. शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"शेवटचं मी उघडलंच नव्हतं," ती म्हणाली. "रुसले होते त्यांच्यावर. मग ते गेले, आणि धीरच होईना. काय होतं गो त्यात? तूच लिहिलंस ना?"

त्या शेवटच्या गुरुवारी काका तासभर बोलत होते. मी टूलमध्ये मान घालून नुसती हूं हूं करत होते. काका उठले तेव्हा घाईघाईने तीन ओळी मारल्या. त्यांना इंग्रजी अक्षरं वाचता येत नव्हती. पडद्याकडे बघत त्यांनी विचारलं होतं, "सगळं घातलंस ना?" आणि मी हो म्हटलं होतं.

"तब्येत बरी आहे," मी ऋतुजाला सांगितलं. "काळजी करू नको. गणपतीला ये."

"एवढंच?"

मी व्हय म्हटलं. तिकडे ती रडायला लागली. ते मात्र मी शेवटपर्यंत ऐकलं.