आईच्या टेपेने दोनशे बारा

विमान कंपनीच्या केबिन क्रू भरतीच्या जाहिरातीत पहिली अट हाताची होती. अनवाणी उभं राहून, टाचा उचलून, हात वर करून दोनशे बारा सेंटिमीटरला बोटं टेकली पाहिजेत. डोक्यावरच्या सामानाच्या कप्प्यापर्यंत हात पोचावा म्हणून. दुसरी अट वयाची होती, सत्तावीसच्या आत. मला सव्वीस वर्षं आणि अकरा महिने झाले होते. पुढची भरती वर्षाने, म्हणजे हुकलं की कायमचं हुकलं.

हुकलं तर काय, हेही ठरलेलं होतं. माझी आई शिंपीण. घराच्या पुढच्या खोलीत तिचं दुकान. तिथे तिच्या मशीनशेजारी दुसरं मशीन तेल घालून तयार ठेवलेलं होतं, त्याच्या खुर्चीवर माझ्यासाठी नवी उशीसुद्धा शिवून झाली होती. मला शिवण येतं. काजं करता करता आयुष्य जाईल या विचाराने मात्र जीव घाबरा होतो.

आईला मी जायला नको होतं, पण ती बाई कामात चुकारपणा करणारी नव्हे. जाहिरात वाचल्याबरोबर तिने गळ्यातली टेप काढली, स्टुलावर चढली, आणि स्वयंपाकघराच्या भिंतीवर खडूने दोनशे बाराची रेघ मारली. "हात लाव," म्हणाली. मी टाचा उचलल्या, पोटऱ्यांत गोळे येईपर्यंत हात ताणला. रेघेच्या खाली दोन बोटं.

त्यानंतर तीन आठवडे मी त्या रेघेखाली काढले. चहा उकळेपर्यंत ताण, भांडी निथळेपर्यंत ताण. बाबा एका कचेरीत लिफ्टमन आहेत. वर जायची नोकरी आपल्या घराण्यात आधीपासूनच आहे, असं ते सगळ्यांना सांगत होते. रोज संध्याकाळी ते मला दाराच्या चौकटीला लटकायला लावायचे आणि खालून पाय ओढायचे. "लिफ्टच्या दोराला सुद्धा ताण लागतो," हे त्यांचं शास्त्र. एकदा मी त्यांच्यासकट खाली आले. हात मात्र तसूभर वाढला नाही. रोज तीच दोन बोटं.

मुलाखतीच्या आदल्या संध्याकाळी माझं डोकं फिरलं. मी आईला नको ते बोलले. म्हटलं, "तुला मी जायलाच नकोय. म्हणून मुद्दाम रेघ वर मारलीस तू."

आईने हातातलं काम बाजूला ठेवलं, स्टूल ओढलं, चढली, आणि तीच टेप लावून पुन्हा जमिनीपासून मोजलं. रेघ जिथल्या तिथे होती, केसभरही इकडेतिकडे नाही.

"बावीस वर्षं लोकांची मापं घेतेय," ती खाली उतरून म्हणाली. "माझं माप चुकत नाही. आणि लेकीचं तर मुळीच नाही." मग पुन्हा मशीनवर जाऊन बसली. मला लाज वाटली. पण माझा स्वभाव असा की लाज वाटली की मी आणखी रागावते, म्हणून न जेवता झोपले.

दुसऱ्या दिवशी हॉटेलच्या एका मोठ्या हॉलमध्ये आम्ही साठ-सत्तर जणी आणि दहा-बारा मुलगे खुर्च्यांवर ओळीने बसलो होतो. सगळ्या जणींचे अंबाडे इतके घट्ट की भुवया वर ओढल्या गेलेल्या. त्यामुळे सगळ्याच जणी सतत आश्चर्यचकित दिसत होत्या. सगळे हसत होते. पाण्याचा पेला उचलताना हसत होते, शिंकतानासुद्धा हसत होते. माझा नंबर सत्तेचाळीस. गाल दुखायला लागले म्हणून मी मधेच थोडी विश्रांती घेतली, तर शेजारच्या अठ्ठेचाळीस नंबरने हसतच सांगितलं, "ते कोपऱ्यातून बघतायत."

हाताची परीक्षा सगळ्यात आधी होती. भिंतीवर लाल पट्टी चिकटवलेली आणि शेजारी कागद लावलेली फळी घेतलेला एक लांब तोंडाचा अधिकारी. मी सँडल काढल्या, डोळे मिटले, टाचा उचलल्या आणि जीव खाऊन हात वर नेला.

"झालं. पुढे चला," अधिकारी म्हणाला.

मी डोळे उघडले. माझी बोटं लाल पट्टीच्या वर होती. चांगली दोन बोटं वर.

इथे शहाण्या माणसाने काय केलं असतं? सँडल उचलून सुंबाल्या केला असता. पण मी शिंपिणीची लेक. चुकीचं माप समोर दिसलं की मला गप्प बसवत नाही. मी म्हटलं, "तुमची पट्टी चुकलीय."

"काय?"

"खाली लागलीय. माझा हात एवढा जात नाही."

"बाई, गेलाय."

"जातच नाही. मी तीन आठवडे रोज बघतेय. माझ्या आईने मोजलंय, आणि आईचं माप चुकत नाही."

हॉलमधलं सगळं हसू एका क्षणात थांबलं. अधिकाऱ्याच्या कपाळावर आठ्या चढल्या. त्याने खिशातून पोलादी टेप काढली, माझ्या डोळ्यांदेखत जमिनीपासून पट्टीपर्यंत मोजलं आणि आकडा माझ्या नाकासमोर धरला. दोनशे बारा, अगदी काट्यावर.

"तुम्हाला नापास व्हायचंय का?" त्याने विचारलं. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

मी नाही म्हटलं आणि निमूट खुर्चीवर जाऊन बसले. आणि मग माझ्या डोक्यात उजेड पडला. आईची ती टेप माझ्या आठवणीपासून तिच्या गळ्यात आहे. कापडी टेप, बावीस वर्षं ओढून ओढून ताणलेली. तिचा सेंटिमीटर आता सेंटिमीटरपेक्षा मोठा झालाय. आणि हे आजवर कुणाला कळलं नाही, कारण कळणार कसं? आई त्याच टेपेने माप घेते, त्याच टेपेने कापड कापते. कपडे सगळ्यांना चपखल बसतात. अख्ख्या गल्लीत चुकीच्या मापाचे बरोबर कपडे घालून लोक हिंडतायत, आणि त्या एका टेपेपायी मी तीन आठवडे चौकटीला लोंबकळले होते. बाबांची कंबर धरली ती वेगळीच.

मला हसू फुटलं. खरंखुरं, दाबता न येणारं. कोपऱ्यातल्या माणसाने काहीतरी लिहून घेतलं.

शेवटी एकेकाला आत बोलावलं. टेबलामागे एक चष्मेवाल्या बाई, आणि समोर विमानातल्यासारख्या एकापुढे एक मांडलेल्या खुर्च्यांत एक गलेलठ्ठ गृहस्थ. हे प्रवासी, असं बाईंनी सांगितलं. त्यांची अडचण सोडवायची. गृहस्थांनी लगेच आवाज चढवला. "हा खुर्चीचा पट्टा लागत नाही. मला काय जाड समजता का तुम्ही?"

मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. असली गिऱ्हाइकं आमच्याकडे दिवसाला चार येतात. माझी पाचावर धारण बसायला हवी होती, पण तोंड आपोआप सुरू झालं. "आधी श्वास सोडा बघू. पोट आत घेऊ नका. सगळेच घेतात, मग घरी जाऊन सोडतात आणि भांडायला आमच्याकडे येतात."

गृहस्थांनी श्वास सोडला. बराच होता.

"हं. तुम्ही नाही हो जाड," मी पट्टा हातात घेऊन उजेडात बघत म्हटलं. "हा पट्टा आटलाय. वरच्या थंडीत आटतात. थांबा, न आटलेला जोड आणून लावते, कुणाला दिसणारही नाही."

हा आमच्या दुकानाचा पहिला नियम. गिऱ्हाईक कधीच जाड होत नाही, नेहमी कापड आटतं. गृहस्थ प्रवाशाची भूमिका विसरून म्हणाले, "माझी पँटही आटलीय हो." चष्मेवाल्या बाईंनी फाइल तोंडासमोर धरली. फाइल हलत होती.

निवड झाल्याचं तिथेच सांगितलं. मला आभाळ ठेंगणं झालं, आणि ते नेमकं किती सेंटिमीटर ठेंगणं झालं हे आता कुठल्या टेपेने मोजावं, असाही एक विचार मनात येऊन गेला.

घरी पोचले तर आई दारातच उभी. "पोचला हात?"

"दोन बोटं वर गेला."

"बघू," म्हणून तिने मला सरळ स्वयंपाकघरात नेलं. मी टाचा उचलल्या. रेघेच्या खाली दोन बोटं. आईने रेघेकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. सांगायचं होतं, अगदी ओठांवर आलं होतं. पण आदल्या संध्याकाळी मुकाट्याने स्टुलावर चढलेली आई मला दिसली, आणि सव्वीस वर्षं अकरा महिन्यांत पहिल्यांदाच मी तोंडाला कुलूप लावलं.

"दमलीस आज," आई म्हणाली, आणि तिने ओल्या फडक्याने ती रेघ पुसून टाकली. पुसायला जरा जास्तच वेळ लावला.

आठवड्याने कंपनीचा फॉर्म आला. गणवेशासाठी जवळच्या शिंप्याकडून मापं घेऊन पाठवा, असं त्यात लिहिलं होतं. आमचा जवळचा शिंपी दोन हातांच्या अंतरावर उभा होता. मी हात पसरून उभी राहिले. आईने गळ्यातली टेप काढली आणि छाती, कंबर, खांदा, बाही सगळं कोरीव अक्षरात फॉर्मवर उतरवलं. बाही मोजताना टेप माझ्या मनगटावर नको तितका वेळ धरून ठेवली. मी पुन्हा गप्प.

गणवेश आला. कोट अंगात गेला, बटणं लागेनात. वरचं बटण लावलं तर श्वास अडकला, खालचं लावलं तर वरचं उडून बाबांच्या चहात पडलं.

"आटला असेल," मी म्हटलं.

"मला नको सांगूस," आईने मला खुर्चीवर बसवलं, त्या उशीच्या खुर्चीवर. कोट उलटा करून तिने शिवणी उसवायला घेतल्या. आत कापड जास्तीचं होतं, तिने दोन्ही बाजूंनी सोडलं, टाचण्या लावल्या आणि मशीन धडधडायला लागलं. अर्ध्या तासात कोट माझ्या अंगावर असा बसला की बाबा लिफ्टच्या दारात उभे राहतात तसे ताठ उभे राहिले.

आईने खांद्यावरचा एक धागा दातांनी तोडला. तिचे डोळे भरले होते, आणि ते न लपवता तिने मला आरशाकडे वळवलं.

"एवढी मोठी कंपनी," ती म्हणाली, "आणि शिंप्याच्या टेपेचा ठिकाणा नाही. पहिला पगार झाला की त्या बिचाऱ्याला एक चांगली टेप घेऊन दे."

"देते," मी म्हटलं.