शेवटच्या पानावरचा कोरा फुगा

मंगळवार, सकाळचे अकरा वाजून वीस मिनिटं. छापखान्याच्या मागच्या खोलीत, कटिंग मशीनशेजारी, लेखकानं पुस्तकाची आतली पानं चाळली आणि शेवटच्या पानावर त्याला मी दिसलो. मी एक संवादफुगा. कॉमिकमधल्या माणसाच्या तोंडातून जो निघतो आणि ज्याच्यात त्याचं बोलणं लिहिलेलं असतं, तो. माझ्यात काहीच लिहिलेलं नव्हतं. पाचशे प्रती छापून झाल्या होत्या. पाचशे ठिकाणी मी, पाचशे ठिकाणी कोरा.

"आत्यांनी घात केला!" लेखक ओरडला.

त्यानंतर या प्रकरणावर ज्याला तोंड आहे तो प्रत्येक जण बोलला. बोलणं हेच ज्याचं काम, त्या मला कुणी विचारलं नाही. म्हणून आता मी बोलतोय.

हे पुस्तक कुणा प्रकाशकाचं नाही, एका घरानं जेवणाच्या टेबलावर केलेलं आहे. लेखक दिवसा विमा कंपनीत लोकांचे दावे नाकारतो. चित्रकार त्याचा मेव्हणा. रंग भरणारी ताई, म्हणजे चित्रकाराची बहीण आणि लेखकाची बायको. पेन्सिलीच्या रेघांवर शाई चढवणारा चित्रकाराचा मित्र. तो पोटासाठी कृत्रिम दात बनवतो, त्यामुळे त्याचा हात हलत नाही. आणि अक्षरं आत्यांची. ताई आणि चित्रकाराची ही सख्खी आत्या एकतीस वर्षं नकाशा कार्यालयात नद्यांची, गावांची, टेकड्यांची नावं टाकानं लिहून निवृत्त झाली. नकाशावर सगळ्यांची नावं असतात, ती लिहिणाऱ्याचं नसतं. म्हणून या कामाला हो म्हणताना त्यांनी एकच अट घातली.

"जावईबापू, श्रेयनामावलीत माझं नाव हवं. आधी 'अक्षरलेखन' आणि पुढे मी."

"आत्या, हे काय सांगायला हवं?"

पुढे जे झालं ते बघता, स्टँपपेपरवर सांगायला हवं होतं.

गोष्ट एका लिफ्टवाल्याची. इमारत पाडायला काढली आहे, त्याचा शेवटचा दिवस आहे. शेवटच्या चौकटीत त्याची मुलगी विचारते, "बाबा, इतकी वर्षं वर-खाली केलंत, पोचलात कुठे?" त्याचं उत्तर म्हणजे मी. लेखकाच्या चार महिन्यांपूर्वीच्या हस्तलिखितात तिथे एवढंच होतं: 'लिफ्टवाला : (इथे जबरदस्त वाक्य. उद्या देतो.)'

चित्रकारानं मला पेन्सिलीनं सुपारीएवढा काढला. चित्रकारांना आम्ही फुगे आवडत नाहीत. आम्ही त्यांच्या चित्रावर बसतो.

"एवढ्यात काय मावणार? 'हं'?" आत्यांनी विचारलं.

"आत्या, त्या चेहऱ्यावर मी चार दिवस घालवलेत. त्यावर दाजींचे शब्द थापायचे म्हणजे..."

"चेहरा तू काढ, बाळ्या. जागा मी बघते. सरक."

त्यांनी मला तिप्पट मोठा केला. शाईवाल्यानं माझी कड एका दमात फिरवली. ताईनं भोवती लिफ्टचा पिवळा उजेड भरला आणि मला पांढरा सोडला. मग आत्या आणि मी वाक्याची वाट पाहत बसलो.

आत्यांनी लेखकाला तीन फोन केले. मी समोर टेबलावर होतो, तिन्ही ऐकले. सोमवारी उत्तर आलं, "उद्या." गुरुवारी, "डोक्यात आहे, फक्त उतरवायचंय." रविवारी, "आत्या, तुम्हीच टाका ना काहीतरी शोभेलसं."

"मी नाही टाकणार," आत्या म्हणाल्या. "गावाचं नाव कळलं नाही तर नकाशात जागा मोकळी सोडतात. मनानं गाव वसवत नाहीत. तुम्ही वाक्य पाठवा, मी लिहिते."

"बरं बरं," म्हणत लेखक संध्याकाळी आला, पानं घेऊन गेला आणि स्वतः स्कॅन करून छापखान्यात देऊन आला. मला स्कॅनरवर पालथं त्यानंच घातलं. माझं तोंड काचेला होतं आणि त्याचं मोबाइलला.

आता पुन्हा मंगळवार. निरोप मिळताच आत्या छापखान्यात आल्या, त्या पिशवीत टाक आणि शाईची बाटली घेऊनच.

"चूक कुणाची ते नंतर बघू. पाचशेच तर प्रती आहेत. वाक्य सांगा, चार दिवसांत सगळ्यांत हातानं लिहून देते."

लेखकानं छताकडे पाहिलं. मग पंख्याकडे.

"असं एकदम कसं सुचणार, आत्या?"

"एकदम? जावईबापू, चार महिने झाले!"

मशीनवाला खो खो हसला, आणि तिथेच आत्यांचं नाव गेलं. चूक माणूस पचवतो, तिच्यावर कुणी हसलेलं त्याला पचत नाही. मुखपृष्ठ दुपारी छापायचं होतं आणि श्रेयनामावली त्याच्याच आतल्या बाजूला होती. आत्या गेल्यावर लेखकानं उभ्या उभ्या त्यातली एक ओळ काढायला लावली. "काम अर्धवट, मग नाव कशाला?" चित्रकार शेजारीच होता. तो कागदाची जाडी तपासत होता.

तीन आठवड्यांनी एका नावाजलेल्या समीक्षकानं पुस्तकावर दोन रकाने लिहिले. त्यातला दीड माझ्यावर. 'तीस वर्षांच्या चढउताराला दिलेलं हे निःशब्द उत्तर थरारवून सोडतं', वगैरे. प्रती संपल्या. दुसरी आवृत्ती ठरली. ज्या टेबलावर मी जन्मलो, तिथेच आता माझ्या बापपणावरून जुंपली.

"कोरा ठेवायचं माझ्या मनात पहिल्यापासून होतं," लेखक म्हणाला.

"दाजी, आकार तर माझा!" हे सुपारीवाले चित्रकार.

"आणि पांढरा रंग?" ताई म्हणाली.

"ताई, तू तिथे रंग भरलाच नाहीस!"

"न भरणं हा निर्णय असतो. तुला नाही कळायचं."

शाईवाल्याच्या कामाला लोक 'गिरवणं' म्हणतात, त्यामुळे श्रेय हुकण्याची त्याला सवय आहे. त्यानं विचारलं, "आणि आत्यांचं नाव?"

"अरे, कोऱ्या फुग्यात अक्षरलेखन कुठे आहे?" लेखक म्हणाला. विमा कंपनीत त्याची बढती का झाली, ते मला त्या क्षणी कळलं.

दुसऱ्या आवृत्तीचं प्रकाशन वाचनालयाच्या सभागृहात झालं. फुगा कोरा का, असं एका वाचकानं विचारलं. लेखक मौनावर अकरा मिनिटं बोलला. तिसऱ्या रांगेतून आत्या उठल्या.

"जावईबापू, ते वाक्य आलं का? टाक धुऊन ठेवलाय."

सभागृह हसलं. लेखक सगळ्यात मोठ्यानं हसला, "आमच्या आत्या म्हणजे ना!" म्हणाला आणि पुढचा प्रश्न घेतला.

हल्ली मी पोस्टरवर असतो. वाचनालयाच्या प्रतीत कुणी माझ्यात पेन्सिलीनं 'घरी' असं लिहिलंय. 'पगार किती?' असंही लिहिलंय. लिहा, माझी हरकत नाही. फक्त दुसऱ्याच्या अक्षराला आपलं म्हणू नका, एवढीच विनंती.

दुसऱ्या आवृत्तीची श्रेयनामावली माझ्यासमोर आहे. लेखन, चित्रं, शाई, रंग आणि खाली वेगळ्या ओळीत 'कोरा फुगा, संकल्पना : लेखक'. पुस्तकात एकूण दोनशे चौदा फुगे आहेत. त्यांपैकी दोनशे तेरा फुग्यांत अक्षरं आहेत, एका हाताची, एका वळणाची. श्रेयनामावलीप्रमाणे ती कुणीही लिहिलेली नाहीत.