एकदाच आलेला ताप

बस कंपनीच्या तक्रार खिडकीमागे अर्धं आयुष्य काढलेल्या बाईंना ऑफिसात सगळे खिडकीबाई म्हणत. त्यांची ख्याती अशी, की माणूस तणतणत यायचा आणि आभार मानून जायचा. बाईंचा नियम साधा होता: एकदाच घडलं असेल तर ती तक्रार नव्हे. "पुन्हा झालं तर या हं," असं त्या इतक्या मायेनं म्हणायच्या, की बहुतेक लोक पुन्हा यायचेच नाहीत. साहेब म्हणायचे, बाईंमुळे आपली सेवा सुधारली. बस मात्र पूर्वीसारखीच स्टॉपच्या पुढे जाऊन थांबायची.

मग बाईंच्या स्तनात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, आणि केमो नि रेडिएशन एकत्रच द्यायचं ठरलं. "दोन्ही एकदम म्हटलं की त्रासही जास्त," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "काहीही वाटलं तर सांगायचं. ताप आला तर लगेच, वाट बघायची नाही." खिडकीबाईंनी मान डोलावली. तोंडभर आश्वासन कसं द्यायचं, हे त्यांना का शिकवायला हवं होतं!

त्रास आले, मानपानाला टपलेल्या पाहुण्यांसारखे एकामागून एक. काखेतली कातडी लाल झाली, मग काळवंडली, मग सोलून ओली झाली. तोंड आलं. गिळताना घशात काटे. बोटं बधिर झाली, ब्लाउजचं बटण लागेना. थकवा असा, की दात घासून झाले की पुन्हा आडवं व्हावं. नणंद फोनवरून नवनवे उपाय सांगायची. तिच्या मैत्रिणीच्या जावेला म्हणे हॉस्पिटलात काहीच त्रास झाला नव्हता. तिला झालं होतं काय, तर मूतखडा.

नवरा दारातूनच विचारायचा, "बरी आहेस ना?" या प्रश्नात 'नाही' म्हणायला जागाच नसते. बाई "हो" म्हणत, आणि तो सुटकेचा श्वास टाकून पेपरात डोकं घाले. रेडिएशनच्या खोलीबाहेरची नर्सही विचारी, "काही त्रास?" "छे!" रडगाणं गाणाऱ्यांची बाईंना जन्माची चीड. शिवाय मनात धास्ती होती, की तोंड उघडलं तर उपचार थांबवतील. आणि 'तात्पुरती बंद' झालेली एकही बस पुन्हा सुरू झालेली त्यांनी पाहिली नव्हती.

एका दुपारी त्यांना हुडहुडी भरली. थर्मामीटरमधला पारा शंभराच्या बराच वर गेला. बाईंनी तो झटकून खाली आणला. "एकदाच आलाय," त्यांनी स्वतःला समजावलं. "पुन्हा आला तर बघू." संध्याकाळी ताप उतरला, तेव्हा आपला नियम खरा ठरल्याच्या आनंदात त्या झोपल्या.

रेडिएशनच्या टेबलावर जराही हलायचं नसतं. दुसऱ्या दिवशी बाई त्यावर थडथड कापत होत्या. मशीन बंद करून त्यांना तसंच वॉर्डात नेलं, हाताला सलाईन लावलं.

"पांढऱ्या पेशी पार तळाला गेल्यात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "ताप कधीपासून येतोय?"

"काल आला होता. पण एकदाच."

"बाई, अशा वेळी दुसऱ्यांदा ताप यायला माणूस शिल्लक राहतोच असं नाही."

त्या ओरडल्या असत्या तर बाईंनी सहज निभावलं असतं. ओरडणाऱ्यांची त्यांना सवय होती. पण त्या हळू आवाजात बोलल्या. बाईंना भीती वाटली, साधी सरळ मरणाची भीती, आणि डोळे वाहायला लागले.

"उपचार बंद?" त्यांनी विचारलं.

"थोडे दिवस थांबवू, पेशी वाढल्या की पुन्हा सुरू. लपवलंत तर मात्र कायमचेच थांबतील."

डॉक्टरीणबाई गेल्या. नवरा पायथ्याशी उभा होता, चेहरा उतरलेला. "अगं, मला तरी सांगायचंस."

"आता सांगते. बसा. काख जळतेय. थुंकी गिळताना जीव जातो. आणि बोटांना काही म्हणजे काही कळत नाही हो. मघाशी तुम्ही माझा हात धरलात ना, तो मला डोळ्यांनी बघून कळला."

तो स्टूल ओढून जवळ बसला. बाईंच्या बोटांवरून हात वर वर नेत त्यानं विचारलं, "इथे?"

"नाही."

"इथे?"

"थोडं वर."

कोपराच्या वर त्यानं दंड धरला.

"हं," बाई म्हणाल्या. "इथे कळतंय. सोडू नका."