लोखंडी नंदीला पाजलेलं तेल

पोळा होऊन गेला होता, तरी भातकुलीजवळच्या त्या मळ्यात इंजिनाच्या टाकीवर बैलाची झूल घातली होती आणि दोन्ही चाकांना हळद फासली होती. सगळं गाव विहिरीभोवती जमलं होतं. सूर्यभानबाबाने डिझेलचा कॉक सर्वांदेखत बंद केला. मग बैलाला तेल पाजायची बांबूची नळी घेऊन त्याने इंजिनाच्या नाकात, म्हणजे हवा आत जाते त्या भोकात, लाल तेलाची धार सोडली. टाकी बंद होती आणि इंजिन चालूच राहिलं. लोकांनी चिखलात लोटांगणं घातली.

"लोखंडाचा नंदी हाये हा," बाबा म्हणाला. "बैलाले तेल पाजता, मंग याले काहून उपाशी ठेवता?"

इंजिन माळ्यांच्या चार घरांचं, सामायिक होतं. महायुद्ध संपलं तरी डिझेल परमिटवरच मिळे. उन्हाळ्यात बाबाने उपाय सांगितला होता, टाकीत अर्धं डिझेल आणि अर्धं त्याचं लाल तीर्थ. सुरुवातीला इंजिन चाललं, आवाजही मऊ झाला. मग ते काळा धूर ओकू लागलं, ठोके देऊ लागलं, शेवटी पाणी उपसेना. पावसाने ओढ दिलेली, वांगी माना टाकू लागलेली. तीर्थात खोट काढायची कोणाची छाती नव्हती, म्हणून ती माणसात शोधली गेली. मैनाबाईची नजर लागली, असं बाबाने सांगितलं.

मैनाबाई माझी आत्या. विधवा, पण पाण्यात तिचा चौथा हिस्सा होता. टाकी बंद असताना नंदी चालला तर देवाचा कौल मिळाला आणि मैनाबाईने गाव सोडायचं, असं चार घरांतले वडीलधारे नत्थुजी यांनी जाहीर केलं होतं. अमरावतीला मी मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवते. निरोप मिळताच आले होते.

नंदी चालला. नत्थुजींचा पुतण्या भगवंत याने आत्याचे केस धरून तिला बांधावर ओढलं. पहिली काठी तिने हातावर झेलली आणि तिचं मनगट वाकडं झालेलं मला दिसलं. मी तिच्या अंगावर पडले. पुढच्या दोन माझ्या पाठीत बसल्या. गर्दीचा जोर पाहून बाबाला चेव आला. त्याने नळी भरभरून ओतायला सुरुवात केली.

इंजिनाचा आवाज चढला. इंजिन चालवणारा देवीदास पुढे झाला आणि म्हणाला, "बाबा, नळी काढा." बाबाने आणखी ओतलं. पंपाचा पट्टा तुटला आणि चाबकासारखा देवीदासच्या तोंडावर बसला. तो दात थुंकत खाली कोसळला. ओझं सुटलेलं इंजिन आता ओरडत होतं, पायाचे बोल्ट उखडत होते. चाक फुटलं असतं तर त्या गर्दीतली निम्मी माणसं कापली गेली असती. देवीदास रांगत कॉकपर्यंत गेला. कॉक बंदच होता.

सर्वांत आधी पळाला तो बाबा.

मी पाटातलं भिजलेलं गोणपाट उचलून इंजिनाच्या नाकावर दाबलं. इंजिनाने ते हातातून ओढून घेतलं, गुदमरलं, धडधडलं आणि थांबलं.

बाबाला शिवेवर पकडून बाभळीला बांधलं. त्याच्या छकड्यात लष्कराच्या लिलावातले हिरवे डबे निघाले. त्यांत गाड्यांच्या गिअरपेटीत घालायचं लाल तेल होतं.

दुसऱ्या दिवशी जबड्याला फडकं बांधून देवीदासने इंजिन उघडलं. डिझेलची बारीक तोटी काजळीने बुजली होती. ती साफ करून, शुद्ध डिझेल भरून त्याने इंजिन चालू केलं. मग मी कॉक बंद करायला सांगितलं. चाकं मंदावू लागली, तेव्हा आत्याच्या घरचं जवसाचं तेल, अर्धाच चमचा, नाकात सोडलं. चाकं पुन्हा उसळली आणि तेल संपताच मंदावली.

"आता देव जवसालेबी पावला का वो?" जमलेल्या बायकांतल्या गोदाबाईने नत्थुजींना विचारलं.

मी सांगितलं की इंजिन हवा दाबतं, दाबलेली हवा तापते आणि त्या उष्णतेत कोणतंही तेल पेटतं. डिझेल किती सोडायचं ते इंजिनातली कळ ठरवते. नाकातून ओतलेल्या तेलावर तिचा ताबा नसतो. टाकी बंद असताना ते चाललं ते याचमुळे, आणि आवरेना तेही याचमुळे. गिअरचं तेल दाते झिजू नयेत म्हणून असतं. डिझेलमध्ये घातलं की ते नीट जळत नाही, तोटी बुजवतं. मैनाबाईच्या नजरेचा त्यात संबंध नव्हता.

भगवंत सगळं ऐकून उठला आणि काठी घेऊन बाभळीकडे निघाला. चार-पाच जण त्याच्या मागे गेले. हात झोळीत घेतलेली आत्या बांधावरून बोलली.

"थांब रे. काल मले मारलं तवाबी तुले असीच खात्री होती."

भगवंत उभा राहिला. मागचे एकेक करून परत फिरले. संध्याकाळी सूर्यभानला फौजदाराच्या ताब्यात दिलं. आत्याने गाव सोडलं नाही. तिचं मनगट मात्र वाकडंच सांधलं. त्या हाताने ती आता पूर्वीसारखं खुरपं धरू शकत नाही.

चमत्कार दिसला तर तो दुसऱ्या तेलाने, दुसऱ्या माणसाच्या हातून होतो का, ते आधी पाहावं. तेवढं पाहून होईपर्यंत कोणीही कोणावर हात उचलू नये.