पत्र्यावर मोजलेली तार

जेवणाच्या टेबलावर मी गुंडाळी होऊन पडलो होतो आणि माझ्या शेजारी माझेच दोन तुकडे होते, लाल, हातहातभर लांबीचे. टेबलाच्या एका बाजूला सिस्टर बसली होती. ती दवाखान्यातून नुकतीच आली होती. पायांतले बूटही तिने काढले नव्हते. समोर तिचा नवरा, घड्याळजी. त्याच्या हातात अजून कटर होतं. दोघांच्या मध्ये त्याची आई शेंगा सोलत होती, पण तिचीही बोटं थांबली होती.

मित्रांनो, ते तुकडे ज्याच्या अंगाचे होते तो मी, तारेचा एक जुना अँटेना. हौशी रेडिओवर बोलणारी माणसं मला दोन झाडांच्या मध्ये टांगतात. माणसाचा आवाज आभाळात सोडायचा आणि दूरच्या माणसाचा आवाज वेचून आणायचा, हे माझं काम. वारा, धुकं, विजांचा कडकडाट, सगळं मी सोसलं आहे. एकाच टेबलाशी बसलेल्या माणसांमधली शांतता मात्र मला कधी पेलली नाही.

"कापलीस?" सिस्टरने अखेर विचारलं.

"लांब होती. मीटरचा काटा वर चढत होता. आता कसा खाली बसतो."

"दुमडायची असते. आधी दुमडून बघायचं, खात्री झाली की मग कापायचं."

"मी घड्याळं दुरुस्त करतो. काट्याचं मला शिकवू नकोस."

"कुठे मोजलीस?"

"गच्चीवर."

एक शेंग फुटली. "समोरासमोर बसून तुम्हाला धड चार शब्द बोलता येत नाहीत," आई म्हणाली, "आणि डोंगरापलीकडे बोलायला तारा ओढताय."

सिस्टरने मला उचललं, बॅगेच्या तळाशी टाकलं आणि वर कपडे दाबून बसवले. त्या अंधारात पडल्या पडल्या मला माझा जन्म आठवू लागला.

माझा जन्म याच घरातल्या स्वयंपाकाच्या ओट्यावर झाला. सिस्टरला तेव्हा नुकता रेडिओचा परवाना मिळाला होता आणि सोबत नेता येईल असा, खिशाला परवडणारा अँटेना ती शोधत होती. तिने पुष्कळ पाहिले. एक रबरी दांडी होती, बोटाएवढी आणि भलतीच गोंडस, पण तिचा आवाज गल्लीच्या कोपऱ्यावरच दमायचा. एक मोठं गोल कडं होतं. वाऱ्याची झुळूक आली की ते चक्कर आल्यासारखं लवंडायचं. प्रत्येकाला हातात घेऊन ती तेच प्रश्न विचारी: तू उभा कशावर राहणार? तुझं ओझं मला किती होणार? आणि भर पावसात मोडलास, तर मला एकटीला तुला सांधता येईल का? बाजारातला एकही अँटेना या शेवटच्या प्रश्नाला उत्तर देऊ शकला नाही. म्हणून तिने मला घडवलं.

दारावरच्या घंटीला लावतात तसली साधी लाल तार माझं अंग झाली. भाजी चिरायच्या फुटक्या प्लॅस्टिकच्या पाटातून मधला तुकडा कापला गेला. त्याला भोकं पाडून माझे दोन्ही हात तिथे बांधले. टोकांना सासूबाईंच्या जुन्या कोटाची दोन जाडजूड बटणं आली, म्हणजे दोरी तिथे अडकवता यावी आणि तारेतली ताकद दोरीत गळू नये. सासूबाईंनी कोटाचं कळल्यावर आठवडाभर तोंड फुगवलं, नंतर मात्र शेजारणीला बोलावून दाखवलं, "ती बटणं माझी बरं का."

ते दिवस गोड होते. टेकडीवर, तळ्याकाठी, ओसाड मैदानात, कुठेही गेलो की घड्याळजी दोरीला दगड बांधून नेमका हव्या त्या फांदीवरून फेकायचा. सिस्टर मला ताणून बांधायची. मग कुठल्यातरी अनोळखी गावातून अनोळखी माणूस म्हणायचा की तुमचा आवाज शेजारी बसल्यासारखा येतोय, आणि घड्याळजी मान ताठ करून रेडिओच्या क्लबातल्यांना सांगायचा, "आमच्या सिस्टरची तार आहे ती. विकत घेऊन मिळणार नाही."

मग सिस्टरने दरीतल्या दवाखान्याचं काम पत्करलं. डोंगराच्या मागे, जिथे फोन पोचत नाही, तिथे एक अख्खा मोसम. घड्याळजीला ते रुचलं नाही. "इथले रोगी काय बरे झालेत सगळे?" एवढंच तो म्हणाला. पण त्या दिवसापासून त्या घरात माझ्याकडे पाहणारे डोळे बदलले. राग माणसावर असला की तो वस्तूवर काढणं सोपं असतं, मित्रांनो. वस्तू उलटून बोलत नाही.

दवाखान्याच्या मोठ्या डॉक्टरांची एक अट होती. रोज सकाळी दरीतून रेडिओवर आवाज आला पाहिजे. घड्याळजीने तो घरी बसून ऐकायचा आणि डॉक्टरांना फोनवर कळवायचा. लागोपाठ दोन सकाळी आवाज आला नाही, तर जीप पाठवून सगळ्यांना परत आणणार आणि दवाखान्याला कुलूप. सिस्टरला हे काम किती हवं होतं ते मला ठाऊक होतं. बॅग भरताना ती गुणगुणत नसे. दात आवळून भरत असे.

आणि मग घरात तो आला, चकचकीत दांडा. दुर्बिणीच्या नळीसारखा एकातून एक लांब होणारा, तीन पायांवर उभा राहणारा, बुडाशी जमिनीवर अंथरायच्या काळ्या तारांचा झुबका असलेला. "स्वस्तात मिळाला. सगळ्या लहरींवर चालतो, आणि काटा बघ, हलतसुद्धा नाही," घड्याळजी म्हणाला. तार नीट नसली की आवाजाची ताकद रेडिओकडे परत येते आणि मीटरचा काटा चढतो; इथे तो खरंच हलत नव्हता. मी त्याचा द्वेष केला, हे लपवत नाही. त्याच्या पोटात तारेचं एक दाट वेटोळं होतं आणि आवाजाची बरीचशी ताकद ते आतल्या आत ऊब म्हणून गिळून टाकत होतं. जो बाहेर काही देतच नाही, त्याच्याविरुद्ध काटा तक्रार कशी करणार? पण घड्याळजीचा जन्म काट्यांवर विश्वास ठेवण्यात गेला होता.

"हाच न्यायचा," तो म्हणाला.

"दोन्ही नेते," ती म्हणाली. "न्यायचंय मला. पाठही माझीच आहे."

दुसऱ्या दिवशी ती दवाखान्यात असताना तो मला गच्चीवर घेऊन गेला. गच्चीवर एक शेड आहे, पत्र्याची. दोन खांबांच्या मध्ये मला उंच ताणण्याऐवजी त्याने मला त्या पत्र्यावर पसरलं. पत्र्याच्या इतक्या जवळ असली की तार आहे त्याहून लांब भासते, मित्रांनो. काटा वर चढला. त्याने टोकाचं बटण सोडलं, तार कापली, बटण पुन्हा बांधलं. काटा थोडा उतरला. मग दुसऱ्या टोकाचीही तेवढीच कापली. त्याच्या मनात काय चाललं होतं ते मला सांगता येणार नाही. माझ्यातून आवाज जातो. मन जात नाही. त्याचा हात स्थिर होता, इतकंच मला आठवतं. पण तो हात कायमच स्थिर असायचा, धंदाच तसला.

संध्याकाळी टेबलावरचं ते सगळं घडलं, आणि दुसऱ्या सकाळी जीपने आम्हाला दरीत सोडलं.

दरी म्हणजे चहूबाजूंनी दगडाच्या भिंती. पहिल्या सकाळी सिस्टरने चकचकीत दांडा उभा केला, त्याच्या काळ्या तारा गवतावर पसरल्या आणि हाक दिली. काटा तळाशी निवांत झोपला होता. उत्तरादाखल नुसती खरखर. उभा दांडा आवाज आडवा फेकतो; तिथे आडवं काही नव्हतंच, कडा होता. आवाज कड्यावर डोकं आपटून मरत होता. ती हाका मारत राहिली. दवाखान्याच्या दाराशी तोपर्यंत माणसं येऊन बसली होती. एका बाईच्या मांडीवर तापाने फणफणलेलं मूल होतं.

दुसऱ्या सकाळी तिने मला बाहेर काढलं. दोन झाडांच्या मध्ये बांधलं, हाक द्यायला रेडिओचं बटण दाबलं आणि काटा उसळून वर गेला. अशा वेळी रेडिओ स्वतःला जपण्यासाठी आपला आवाज आखडून घेतो. मी टांगलेला होतो, मोकळ्या हवेत होतो, आणि मुका होतो. त्या लाजेइतकं मला कटरसुद्धा दुखलं नव्हतं.

सिस्टर काही वेळ काट्याकडे बघत राहिली. मग तिने मला खाली ओढलं आणि माझ्या अंगाशेजारून एक एक पाऊल टाकत मला मापलं. एकदा, आणि खात्री करायला पुन्हा एकदा.

"आखूड आहे," ती म्हणाली. "बरीच आखूड आहे."

सोबतचा कंपाउंडर नखं खात उभा होता. "सिस्टर, जीप निघाली असेल. डॉक्टर बोलतात तसं करतात."

"निघू दे. चाकू दे."

तिने चाकू घेतला आणि चकचकीत दांड्याच्या काळ्या तारांचा झुबका हातात धरला. कंपाउंडर चपापला. "अहो, नवा कोरा आहे तो."

"नवाच कापावा लागणार. जुना घरूनच कापून दिलाय."

तिने काळ्या तारेचं टोक दातांनी सोललं, माझ्या लाल टोकाशी पिळलं, वर जखमेला लावायची चिकटपट्टी गुंडाळली. दोन्ही बाजूंना तसंच. या खेपेला तिने कापलं काहीच नाही. जास्तीची तार दुमडून ठेवली, काटा पाहिला, थोडी सोडली, पुन्हा पाहिला. मग मला झाडांवर चढवलं. फार उंच नाही. कमी उंचीवर आडवा टांगलेला मी आवाज सरळ आभाळाकडे पाठवतो, आणि आभाळ तो डोंगराच्या दोन्ही अंगांना खाली सांडतं. त्या कड्याला वळसा घालायची मला गरजच नव्हती.

तिने हाक दिली. खरखर. पुन्हा हाक. आणि मग माझ्या अंगातून एक ओळखीचा आवाज उतरला.

"येतंय. स्पष्ट येतंय. कालपासून कुठे होतीस?"

"इथेच. डॉक्टरांना सांग, जीप परत बोलवा. दवाखाना चालू आहे."

"सांगतो," तो म्हणाला, आणि त्याने सांगितलं. वाटेतल्या शेवटच्या चौकीवर फोन गेला आणि जीप तिथूनच वळली. हे त्याच्या बाजूने सांगायलाच हवं.

मोसमभर मी त्या झाडांवर राहिलो. औषधं संपल्याची, सापाच्या दंशाची, अडलेल्या बाळंतिणीची, किती निरोप माझ्यातून गेले. तापाने फणफणलेलं ते मूल नंतर माझ्या खालूनच पळायचं. मोठे डॉक्टर एकदा येऊन गेले, माझी चिकटपट्टी पाहून म्हणाले, "रोग्याला पट्टी बांधावी तशी बांधलीय." दांडा कोपऱ्यात पडून होता, आणि त्याची मला दया आली असं मी म्हणणार नाही.

मित्रांनो, माझं मागणं आत्ताच मांडतो, कारण यानंतर जे घडलं त्यावर मला बोलता येणार नाही. आपल्यासाठी काही निवडाल तेव्हा झळाळी पाहू नका. आपल्या जागी, आपल्या हातात ते काय करील ते पाहा. आणि दुसऱ्याने घडवलेलं काही कापायला निघालात, तर आधी दुमडून बघा. दुमडलेलं उलगडता येतं. माझ्यासारख्या जुन्या तारेलाही एवढी सवड मिळावी.

मोसम संपला. आम्ही घरी आलो. घराच्या पुढच्या खोलीतच घड्याळजीचं दुकान आहे. भिंतीवरची घड्याळं टिकटिकत होती आणि तो डोळ्याला भिंग लावून एका उघड्या घड्याळावर वाकला होता. सिस्टरने मला आणि त्या दांड्याला त्याच्यासमोर काउंटरवर ठेवलं. आई चहा घेऊन आली.

त्याने माझी टोकं पाहिली. "या काळ्या तारा माझ्या अँटेनाच्या."

"हो."

"नवा होता तो."

"चाकूने कापला. तोंडावर सांगतेय."

"मला विचारायचं तरी."

"कशावरून विचारणार होते? तुझ्या दांड्यावरून?"

आईने कप ठेवले. "पुरे. तारांवरून कसली भांडणं. यानेसुद्धा तुझ्या तारेपायी त्या दिवशी दुपार घालवली होती हो. सबंध शेडच्या पत्र्यावर अंथरून बसला होता. मी उशा उन्हात टाकायला गेले तर मला जागा नाही."

सिस्टरचा हात कपाजवळ पोचून तिथेच राहिला. "पत्र्यावर?"

"चादर पसरावी तशी."

तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो भिंगातून घड्याळाकडेच पाहत होता.

"पत्र्यावर मोजायची नाही, पत्रा तारेला फसवतो, हे मला तू शिकवलंस," ती सावकाश म्हणाली. "क्लबात नवा माणूस आला की पहिल्याच दिवशी तू त्याला हेच सांगतोस. चूक झाली असेल तर चूक झाली म्हण. मी पुन्हा विषय काढणार नाही. फक्त एवढं सांग. काट्यासाठी कापलीस, की मी परत यावं म्हणून?"

आई एकदा मुलाकडे, एकदा सुनेकडे बघू लागली. चहावर साय धरत होती.

घड्याळजीने भिंग काढलं. उघड्या घड्याळात धूळ जाऊ नये म्हणून त्यावर काचेचं झाकण ठेवलं, अगदी हळुवार. मग तो उठला, दारात चपला पायांत सरकवल्या आणि पायरी उतरून भर उन्हात रस्त्याने चालू लागला.