मागच्या दिव्यांची वाट

दादाने जुनी वायर ओढून काढली, पण तिच्या टोकाला सुतळी बांधली नाही. बहिणीला हे कळलं तेव्हा वायर कोपऱ्यात वेटोळं होऊन पडली होती.

गॅरेज दोघांचं. पत्र्याचं काम दादाचं, वायरिंग तिचं. गाडी दोन सीटची, जुनी स्पोर्ट्स. तिच्या मागच्या दिव्यांच्या वायरी पुढून निघतात, दाराखालच्या पोकळ पत्र्यातून जातात आणि डिकीत पेट्रोलच्या टाकीशेजारी बाहेर येतात. वरचं कापडी वेष्टण कुजलं होतं. एका जागी तार उघडी पडून पत्र्याला घासत होती आणि तिथून टाकी वीतभरही लांब नव्हती. म्हणून सगळी वायर बदलायची होती. अशा वेळी जुन्या वायरीला सुतळी बांधूनच ती ओढतात. वायर बाहेर येते, सुतळी आत राहते आणि तिच्या मागोमाग नवी वायर जाते.

"सुतळी कुठंय?"

"राहिली."

"राहिली म्हणजे?"

"विसरलो म्हणजे विसरलो. आता काय फाशी देतेस?"

"त्यालाही दोरी लागते," चहाचे कप गोळा करता करता वहिनी म्हणाली.

कोणी हसलं नाही. आता एकच मार्ग उरला होता. डिकीत आडवं व्हायचं, चाकावरच्या भोकातून खांद्यापर्यंत हात घालायचा आणि पुढून ढकललेलं टोक चाचपडत पकडायचं. त्या भोकात हात जायचा तो बहिणीचाच. पण तिचा उजवा खांदा कामातून गेला होता. महिनाभर तिची वेणी वहिनी घालत होती. पुन्हा ताण पडला तर ऑपरेशन, आणि त्यानंतर हात वर जाईल याची खात्री नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. हात वर जात नसेल तर वायरिंग कसलं करणार?

"एवढी एकच गाडी," दादा म्हणाला. "शेवटची."

"मागचीही शेवटचीच होती."

तरी ती डिकीत आडवी झाली. कोपरापर्यंत हात गेला. मनगट वळवलं तशी कळ थेट कानापर्यंत गेली. ती हात काढून उठून बसली.

"आतून नेऊ. दोन सीटांमधल्या उंचवट्याच्या कडेने, गालिच्याखालून. सीटांमागच्या पत्र्याला एक भोक पाडू."

"या गाडीला भोक? मालकांना गाडी जशीच्या तशी हवी आहे. वायर मूळ वाटेनेच गेली पाहिजे."

"मग तू घाल हात."

दादाने घातला. मनगटाशी अडकला. बाहेर काढताना बोटाचं सालटं निघालं.

"अहो, मालकांनाच विचारा ना," वहिनी म्हणाली. तिने फोन लावला, स्पीकर चालू केला आणि टपावर ठेवला. मालक दातांचे डॉक्टर होते. मागे कुणाचा तरी दात कोरल्याचा आवाज येत होता.

"डॉक्टर," दादा म्हणाला, "मागची वायर मूळ वाटेने जात नाहीये. आतून न्यावी लागेल. एक भोक पाडावं लागेल."

"दिसेल का?"

"नाही, गालिच्याखाली जाईल."

"मग मला कशाला विचारता? दिवे लागले पाहिजेत आणि गाडी पेटली नाही पाहिजे."

"तुम्हीच म्हणाला होता, जशी होती तशी हवी म्हणून."

"अहो, रंगाचं म्हणालो होतो मी!"

फोन बंद झाला. दादा बोटावर फुंकर घालत राहिला. बहीण डिकीच्या कडेवर बसून होती. याआधी हिरवी गाडी होती, त्याआधी फुटक्या काचेची, त्याआधीही कितीतरी. प्रत्येकीत तिने खांद्यापर्यंत हात घातला होता. त्या मालकांना कुणी काही विचारलं नव्हतं. तिनेही नाही.

"ड्रिल आण," ती म्हणाली आणि स्टूल ओढून बसली.

दादाने भोक पाडलं. पुढचं ती बसल्या जागेवरून सांगत होती. आधी कडा घासायच्या, मग उघड्या पत्र्याला रंग लावायचा, मग वायर कापली जाऊ नये म्हणून रबरी रिंग. वायर नळीत घालायची, सीट सरकते तिथून लांब ठेवायची, टाकीपाशी थोडी ढील सोडायची.

दादा कानस फिरवत होता. मध्येच थांबला. "त्या आधीच्या गाड्यांचं म्हणशील तर, मला वाटलं, त्या मालकांनाही मूळ वाटच..."

"दादा, कडा."

त्याने पुन्हा कानस फिरवली.

"बोट फिरवून बघ."

"कापलं."

"मग अजून घास."