घुमटातली थोरली

आमच्या गावात बघण्यासारखं पुष्कळ आहे, पण पाहुणे येतात ते ऐकायला. टेकाडावरच्या जुन्या घुमटाखाली उभं राहून हाक मारली की ती वरून सावकाश, जराशी दमून, पण जशीच्या तशी परत यायची. स्वतःचंच नाव ऐकायला माणसं दोन-दोन देश ओलांडून येत आणि तृप्त होऊन जात.

मग सरकारला घुमटाची काळजी वाटू लागली. परांच्या चढल्या, आतून सगळा नवा गिलावा झाला. घुमट नवऱ्या मुलासारखा दिसू लागला आणि त्याची वाचा बसली. हाक गिलाव्यात शिरायची ती तिथेच मुक्काम करायची.

हे पहिल्यांदा कळलं रखवालदाराला. उतारावरच्या खानावळी, टोपीवाले, फोटोवाले, सगळे त्या एका आवाजावर जेवत होते. घरी येऊन तो बायकोपाशी डोकं धरून बसला. बायकोची थोरली बहीण तिथेच भाजी निवडत होती. तिने लग्न केलं नव्हतं, ती यांच्याकडेच राहायची. आवाज खणखणीत आणि बोलण्याला खंड नाही. तिचं बोलणं घरात पंख्याच्या आवाजासारखं झालं होतं. चालू असायचं, ऐकत कुणी नसे.

रखवालदाराने त्या दिवशी मात्र कान दिला.

"ताई, एक काम आहे. बोलायचं."

"अगोबाई, मला? पगारी?"

"पण खालून येईल तेच म्हणायचं. एक अक्षर पदरचं घातलंत, तर अख्खा उतार उपाशी मरेल."

तेव्हापासून थोरली वरच्या सज्जात, दगडी जाळीमागे, उशी घेऊन बसू लागली. झरोक्यातलं ऊन भिंतीवरून हळूहळू सरकायचं, पारव्यांच्या पंखांची धूळ त्यात तरंगायची आणि खालून हाका वर यायच्या. न कळणाऱ्या कितीतरी भाषांत तिने स्वतःवरचं प्रेम कबूल केलं, स्वतःला शिव्या घातल्या, एकदा तर लग्नाची मागणीही घातली. कशालाच उत्तर द्यायचं नव्हतं, त्यामुळे नकारही राहून गेला.

घरी मात्र पंखा बंद पडला.

"ताई, जेवलीस का?" बहीण विचारायची.

"जेवलीस का?" थोरली म्हणायची आणि भिंतीकडे बघत बसायची.

बहीण नवऱ्यावर उखडली. "अहो, माझी बहीण मला परत आणून द्या. तिच्या तोंडून आता परकी माणसंच बोलतात."

"आणतो," रखवालदार म्हणाला. पण उतारावर चुली पेटत होत्या.

एका दुपारी घुमट रिकामा झाल्यावर एक छत्रीवाल्या बाई आत आल्या. एकट्याच. गावातलं सगळं बघून झालेलं, पाय दुखायला लागलेले. मोठ्याने ओरडायची त्यांना लाज वाटली. शेजारणीला विचारावं तसं त्यांनी वर बघून विचारलं, "कशी आहेस?"

दाराशी उभ्या रखवालदाराने वर जाळीकडे पाहिलं.

"कशी आहेस?" वरून आलं.

"बरी आहे गं."

"बरी आहे गं."

"गुडघे तेवढे कुरकुरतात."

"गुडघे तेवढे कुरकुरतात." हे इतक्या मनापासून आलं की रखवालदाराने डोळेच मिटले.

"घरी कुणी ऐकत नाही बघ."

"घरी कुणी ऐकत नाही बघ."

शब्दाला शब्द होता, नियमात बसत होतं. फक्त रखवालदाराच्या घशाखाली उतरत नव्हतं.

बाईंनी छत्री उचलली. "चल, निघते मी."

वरून काहीच नाही. ऊन एक वीतभर सरकलं. पारव्याने जागा बदलली. म्हणा, ताई, 'निघते मी' म्हणा! रखवालदाराने जाळीकडे बघून चक्क हात जोडले.

"इतक्यात?" वरून आलं.

बाई मुळीच दचकल्या नाहीत. "मला वाटलंच," त्या रखवालदाराला म्हणाल्या. "दगडाला गुडघे कुठून असायला! जिना कुठे आहे हो?"

"त्या खांबामागे. पण बाई, कुणाला सांगू नका, पाया पडतो."

"कुणाला सांगणार? आत्ताच नाही का ऐकलंत?"

त्या चढून गेल्या त्या दिवेलागणीलाच उतरल्या, थोरलीचा हात धरून. दोघी एकाच वेळी बोलत होत्या. बाईंची गाडी केव्हाच सुटली होती आणि पुढची पकडायची त्यांना काही घाई दिसली नाही. त्यांनी उतारावरच एक खोली घेतली.

हल्ली आमच्या घुमटात एक हाक दोनदा परत येते. तज्ज्ञ येऊन बघून गेले. त्यांच्या मते हा नव्या गिलाव्याचा गुण. रखवालदाराच्या घरी जेवणं लांबतात, कारण थोरलीचं सांगणं संपत नाही, आणि तो मध्येमध्ये "मग?" विचारतो. दुपारी घुमटाखाली मुकाट उभं राहिलं तर वरून बारीक कुजबुज ऐकू येते, मध्येच हसणं. पाहुणे डोळे मिटून ऐकतात. त्यांना वाटतं, जुना काळ बोलतोय.